लस म्हणजे मुळात काय होतं?

गुडघा खरचटला आणि खपली धरायच्या आधी त्यातून पाण्यासारखं चिकट काहीतरी यायला लागलं की आपण म्हणतो, लस येतेय. आणि दवाखान्यात जाऊन दंडावर टोचून घेतो ती पण लसच. मी कित्येक वर्षं हे दोन वेगळे शब्द आहेत असंच धरून चाललो होतो, योगायोगाने सारखे दिसणारे. पण तसं नाहीये, शब्द एकच आहे, आणि दवाखान्यातली लस एकेकाळी खरोखरच फोडातून गळणारं पाणी होती.

हे सगळं सुरू झालं देवीच्या रोगापासून. साधारण दहातली तीन माणसं मरायची, वाचली त्यांच्या तोंडावर व्रण राहायचे. पण एकदा होऊन गेली की पुन्हा होत नाही हे लोकांना फार आधीपासून माहीत होतं, म्हणून आशियात बऱ्याच ठिकाणी सौम्य देवी आलेल्या माणसाच्या फोडातलं द्रव्य धडधाकट माणसाच्या कातडीत मुद्दाम घालायचे. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू नावाच्या बाईंनी हे तुर्कस्तानात पाहिलं आणि 1721 मध्ये लंडनला स्वतःच्या मुलीला तसंच करून घेतलं. इंग्रजीत याला म्हणायचे इनॉक्युलेशन, आणि हा शब्द चक्क बागेतून आलाय! लॅटिनमध्ये ऑक्युलस म्हणजे डोळा, झाडाचा डोळासुद्धा, आणि एका झाडाचा डोळा काढून दुसऱ्याच्या सालीत बसवणं म्हणजे इनॉक्युलेशन. आपल्याकडे कलमं करणारे याला डोळा भरणे म्हणतात ना, अगदी तेच. थोडक्यात माणसाच्या कातडीत रोगाचा डोळा भरायचा. जोखीम होतीच, शंभरात एखाददुसरा त्यानेच मरायचा, आणि टोचलेल्या माणसापासून दुसऱ्यांना खऱ्याखुऱ्या देवी लागायच्या ते वेगळंच.

मग येतात इंग्लंडमधले एक डॉक्टर, एडवर्ड जेन्नर. गाईच्या सडांवर फोड येणारा एक रोग असतो, तो धारा काढणाऱ्या बायकांच्या हाताला लागतो आणि मग त्यांना देवी येत नाहीत अशी गावाकडे समजूत होती. 14 मे 1796 ला जेन्नरनी सेरा नेल्म्स नावाच्या अशाच एका गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस घेऊन जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या पोराला टोचली, आणि काही आठवड्यांनी त्याला खऱ्या देवीचं द्रव्य टोचून पाहिलं (आज कुठलीही एथिक्स कमिटी त्यांना दारात उभं करणार नाही), पण पोराला काही झालं नाही. 1798 च्या पुस्तकात त्यांनी या रोगाला लॅटिन नाव दिलं, व्हॅरिओली व्हॅक्सिनी, म्हणजे गाईच्या देवी. व्हॅका म्हणजे गाय, व्हॅक्सिन म्हणजे गाईचं. आपल्या पंचगव्यातलं गव्य आहे ना, नेमका तोच अर्थ. पुढे 1800 मध्ये रिचर्ड डनिंग नावाच्या सर्जनने त्यावरून व्हॅक्सिनेशन हा शब्द बनवला, म्हणजे मराठीत शब्दशः करायचं तर गव्यीकरण. लोकांनी पण गाय फारच मनावर घेतली, 1802 चं गिलरे नावाच्या इंग्रज व्यंगचित्रकाराचं एक कार्टून आहे त्यात टोचून घेतलेल्या माणसांच्या अंगातून गाई बाहेर येतायत. अफवा पसरायला व्हॉट्सॲपच लागतं असं काही नाही.

आता प्रश्न असा की ही लस साठवायची कशात? फ्रिज नाही, काही नाही. मग माणसांतच साठवायची. एकाला टोचायचं, आठवड्याभराने फोड टरारला की तो फोडून आतली लस पुढच्याला, त्याची त्याच्या पुढच्याला, दंडावरून दंडावर. स्पेनने 1803 मध्ये अमेरिका खंडाकडे लस पाठवली ती 22 अनाथ मुलांच्या अंगावरून, प्रवासभर पाळीपाळीने टोचत टोचत, त्या मुलांना कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. मुंबईत लस पोचली ती बगदाद, बसरा या वाटेने, आणि 14 जून 1802 ला ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली, मग तिच्या दंडावरून पुढे बाकीच्यांना. नंतर वासराच्या कातडीवर फोड आणवून त्यातून लस काढायची पद्धत आली. इंग्रज डॉक्टर या द्रवाला लिम्फ म्हणायचे आणि मराठीत फोडातल्या अशा पाण्याला लस हा शब्द होताच, तो बरोब्बर बसला. हिंदीवाले टीका म्हणतात, तो टिळ्याचा भाऊ, म्हणजे त्यांनी अंगावरची खूण धरली आणि आपण आतलं पाणी. (मराठी माणसाला टीका लगवाइये ऐकून काय वाटतं ते सोडून द्या.)

इथपर्यंत शब्द आणि वस्तू बरोबर चालत होत्या. गडबड केली फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी. त्यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे आणि मग मेंढ्यांच्या अँथ्रॅक्सचे जंतू प्रयोगशाळेत दुबळे करून टोचले, यात ना गाईचे फोड ना त्यांतलं पाणी. तरी 1881 मध्ये लंडनच्या वैद्यकीय परिषदेत ते म्हणाले की जेन्नरच्या मानाखातर या सगळ्यालाच व्हॅक्सिनेशन म्हणूया. झालं, गाय सुटली आणि शब्द राहिला. मराठीत पण लस तशीच पुढे सरकली. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस केली ती मांसाच्या रश्श्यात जंतू वाढवून आणि उष्णतेने मारून, 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडायचे, जंतू त्यांना लोंबकळत वाढायचे, म्हणजे दूधदुभत्याचा संबंध उरला तो तेवढाच.

बीसीजी, म्हणजे टीबीची लस, ही मात्र गंमतच आहे. काल्मेट आणि गेरँ यांनी 1908 ते 1921 खपून जो जंतू दुबळा केला तो गाईगुरांच्या टीबीचा, म्हणजे चुकूनमाकून व्हॅक्सिन हा गाईचा शब्द परत खरा झाला.

आता एमआरएनए लशीत जंतूही नसतो, फक्त एक प्रोटीन कसं बनवायचं याचा निरोप असतो, चरबीच्या बारीक गोळीत गुंडाळलेला. कॅन्सरच्या काही लशी तर रोग झाल्यावर देतात, म्हणजे आधी टोचून ठेवायचं हा भागही गेला. शरीराच्या संरक्षण यंत्रणेला काहीतरी ओळखायला शिकवणं, एवढंच उरलंय. शब्द आधी पदार्थाचं नाव होता, आता कामाचं नाव आहे.

आणि कळस म्हणजे ती गाय. देवीच्या लशीत पुढे जो विषाणू वापरात होता तो गाईच्या देवींचा नाहीच हे 1939 मध्ये लक्षात आलं. 2017 मध्ये तर 1902 सालच्या एका जुन्या अमेरिकन लशीतल्या विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, वाचला, तो सगळ्यात जवळचा निघाला घोड्यांच्या देवींना! जेन्नरना स्वतःलाही हा रोग घोड्यांकडून गाईंकडे येतो असाच संशय होता, तरी नाव गाईचं पडलं. त्या मानाने आपला शब्द बरा, त्याने कुठल्याच जनावराचं नाव घेतलं नव्हतं.