हाडांचे सूप (कुत्र्यामांजरांच्या आहारातील)

बोकड, कोंबडी किंवा मासा यांची हाडे, सांधे, खूर, पंजे व त्यांना चिकटलेली कूर्चा पाण्यात दीर्घकाळ उकळून, हाडे पूर्णपणे गाळून टाकल्यावर उरणारा रस पाळीव कुत्र्यामांजरांना पाजण्याची अथवा त्यांच्या अन्नात कालवण्याची प्रथा. माणसांसाठी केलेल्या पायासूपाहून हा रस मुख्यतः एका बाबतीत भिन्न असावा लागतो : त्यात कांदा, लसूण, मीठ व मसाला घातलेला नसतो. प्रस्तुत नोंदीत शिजवलेल्या व गाळलेल्या रसाचाच विचार केला आहे. कच्ची हाडे चघळावयास देण्याचा जो पंथ ऑस्ट्रेलियन पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांच्या १९९३ मधील लेखनानंतर वाढला, तो स्वतंत्र विषय होय.

प्रथेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात तिचे मूळ आयुर्वेदापर्यंत नेले जाते. चरकसंहितेत कृश व आजारातून उठलेल्यांसाठी मांसरसाची प्रशंसा आहे, तसेच तूप, तेल, वसा आणि मज्जा या चार स्नेहांपैकी मज्जा अस्थींना विशेष बल देणारी मानली आहे, हे खरे. परंतु मांसरस हा मांसाचा असतो, मज्जा हा स्नेह आहे, आणि दोन्हींचा विचार तेथे माणसांच्या संदर्भात आला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात (सु. ११२९–३१) ‘सारमेयविनोद’ या नावाने शिकारी कुत्र्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांनी संपादिला (पहिला खंड १९२५) व त्यामुळे तो या चर्चेत वारंवार पुढे केला जातो. तथापि कुत्र्यांवर प्रकरण असणे हा त्यांना हाडांचा रस पाजला जात असल्याचा पुरावा होत नाही. मांसाहारी घरात उरलेली हाडे व रस्सा कुत्र्याच्या वाट्याला जाणे ही बहुधा सर्वत्र आढळणारी व फार जुनी गोष्ट असावी. पोषक औषध म्हणून हेतुपुरस्सर रस काढून देणे मात्र अलीकडचे दिसते, आणि त्याची आजची लाट २०१० नंतरच्या दशकात अमेरिकेत माणसांच्या आहारात आलेल्या याच पदार्थाच्या फॅशनमागून आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

हाडांतून अन्न काढण्याच्या शास्त्रीय खटाटोपाचा इतिहास याहून स्पष्ट आहे आणि त्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. फ्रेंच संशोधक दनी पापँ याने लंडनमध्ये १६७९ च्या सुमारास घट्ट झाकणाचे व सुरक्षा-झडपेचे एक पात्र तयार केले. त्यात वाफेच्या दाबाखाली हाडे मऊ होत. आजचा प्रेशर कुकर हा त्याच पात्राचा वंशज होय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये रसायनशास्त्रज्ञ दार्से याने हाडांतील जिलेटिन (गार झाल्यावर थिजणारे प्रथिन) मोठ्या प्रमाणावर काढण्याची पद्धत बसवली आणि त्या रसावर इस्पितळांतील रुग्णांना व गोरगरिबांना पोसता येईल, असा दावा पुढे आला. रुग्णांनी त्याबद्दल नाके मुरडली. आलेक्सांद्र दोने या फ्रेंच वैद्याने १८३० च्या दशकाच्या आरंभी स्वतःवर व कुत्र्यांवर प्रयोग करून या रसाच्या पोषकतेवर शंका घेतली आणि वाद विकोपाला गेला. शेवटी फ्रेंच विज्ञान अकादमीने नेमलेल्या समितीच्या वतीने फ्रांस्वा माझांदी या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८४१ मध्ये अहवाल सादर केला. निव्वळ जिलेटिनवर ठेवलेली कुत्री काही दिवसांतच ते खाईनाशी झाली, खंगली आणि मेली. मांस थोडे असले तरी त्यावर ती जगली. विशेष म्हणजे कच्च्या हाडांवरही ती दीर्घकाळ तग धरू शकली. मात्र आम्ल किंवा गरम पाणी यांची प्रक्रिया करून त्याच हाडांचे जिलेटिन केले की त्यांची पोषणक्षमता घटते, काही बाबतीत जवळजवळ नाहीशी होते, असा समितीचा निष्कर्ष होता. हे प्रयोग आजच्या कोणत्याही प्राणिप्रयोग-नियमांत बसणारे नाहीत, पण या पदार्थाविषयी कुत्र्यांवरील इतका थेट पुरावा नंतरच्या काळात क्वचितच मिळाला असेल. पुढे कार्ल फोन फॉइट या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने जिलेटिन शरीरातील प्रथिनाची झीज काहीशी वाचवते, पण त्याची जागा घेत नाही, असे दाखवले. १९०१ मध्ये हॉपकिन्स व कोल या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) वेगळे केल्यावर कारणही उलगडले : जिलेटिनमध्ये ते आवश्यक अमिनो आम्ल नसतेच.

हाडाचा सुमारे दोनतृतीयांश भाग खनिज, मुख्यतः हायड्रॉक्सिॲपेटाइट (कॅल्शियम फॉस्फेटचे एक रूप), असतो व उरलेल्या सेंद्रिय भागात पहिल्या प्रकारच्या (टाइप १) कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे प्राबल्य असते. उष्ण पाण्यात कोलॅजनचा तिपेडी पीळ सुटून जिलेटिन होते. गार झालेला रस थिजतो तो त्यामुळे. जिलेटिनमधील दर तीन अमिनो आम्लांपैकी जवळपास एक ग्लायसीन असते. खनिज भाग मात्र सहजी विरघळत नाही; थोडे व्हिनेगर किंवा लिंबू पिळले तरी रसात उतरणारे कॅल्शियम अल्पच राहते. ‘हाडांचे पाणी म्हणजे कॅल्शियम’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. नुसते मांस-भात किंवा दूध-पोळी खाणाऱ्या पिलांत कॅल्शियमच्या अभावी उपगलग्रंथींचा (पॅराथायरॉइड) विकार होऊन हाडे ठिसूळ होतात, आणि हा रस ती उणीव भरून काढीत नाही. सांधेदुखीवरील गुणाचीही तीच गत. संधिवाताच्या कुत्र्यांवर ज्याचे प्रयोग झाले आहेत ते दुसऱ्या प्रकारचे (टाइप २), मूळ रचना न बिघडलेले कोलॅजन होय. तासन्‌तास उकळलेल्या रसाला त्या प्रयोगांचा आधार देता येत नाही. हाडांत साठलेले शिसे रसात उतरू शकते, असे कोंबडीच्या रसावरील एका ब्रिटिश पाहणीत (२०१३) आढळले. साध्या नळाच्या पाण्यात लिटरला ०.८९ मायक्रोग्रॅम, तर हाडांच्या रसात ७.०१ व कातडे-कूर्चेच्या रसात ९.५ मायक्रोग्रॅम शिसे होते. पाहणी लहान होती, तिच्यावरून घबराट माजवण्याचे कारण नाही.

मग उरते ते पाणी आणि चव, व मांजरांच्या बाबतीत हे उरलेले क्षुल्लक नाही. पाळीव मांजरांचा पूर्वज रुक्ष प्रदेशातला असून त्यांची तहान मुळात मंद असते. कोरड्या दाण्यांत साधारण दहा टक्के, तर डब्यातील ओल्या अन्नात पाऊणशे टक्क्यांच्या वर पाणी असते, त्यामुळे केवळ दाण्यांवरच्या मांजराचे मूत्र गाढ राहते. पाणी अधिक पोटात गेल्यास मूत्राशयाचा दाह व खडे यांच्या काही प्रकारांत लाभ होतो. मांजरांना गोड चव कळत नाही, पण मांसातील इनोसिनेटसारख्या न्यूक्लिओटाइडांना प्रतिसाद देणारे ग्राही (चव ओळखणारे रेणू) त्यांच्या जिभेवर असल्याचे २०२३ मध्ये दाखवण्यात आले. थोडे मांस टाकून काढलेला रस मांजरे चाटूनपुसून का पितात, याचा काहीसा खुलासा त्यातून होतो. टॉरिन हे मांजरांना अपरिहार्य असलेले द्रव्य मात्र हाडांपेक्षा मांसात असते.

कांदा व लसूण यांतील गंधकयुक्त संयुगांमुळे तांबड्या रक्तपेशी फुटून रक्तक्षय होतो, आणि शिजवल्याने हा दोष जात नाही. दर किलो वजनामागे मांजराला सुमारे ५ ग्रॅम व कुत्र्याला १५ ते ३० ग्रॅम कांदा बाधल्याच्या नोंदी आहेत. लसूण वजनाच्या मानाने अधिक तीव्र असतो. गाळलेल्या रसात फोड दिसत नसली तरी संयुगे उतरलेली असतात.

बडोदे (वडोदरा) येथे, विशेषतः दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या मराठी वस्तीच्या भागांत व नव्या सोसायट्यांत, ही प्रथा स्थानिक परिस्थितीनुसार बदललेली आढळते. पाश्चात्त्य कृतींत गाईबैलांची हाडे सांगितलेली असतात. गुजरातमध्ये गोवंशहत्येला कायद्याने बंदी असल्याने येथे बोकडाच्या नळ्या व खूर किंवा कोंबडीचे पंजे व सांगाडे वापरले जातात. शेजार बहुधा शाकाहारी. त्यामुळे बारा तास मंद आचेवर भांडे ठेवण्यापेक्षा कुकर पसंत केला जातो, कारण त्यात काम दोन-अडीच तासांत उरकते आणि वासाचा बभ्राही कमी होतो. उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते तेव्हा हा रस बर्फाच्या साच्यात गोठवून वड्या चाटावयास देतात. मटणाचा उरलेला रस्सा भातात कालवून गल्लीतल्या कुत्र्यांना घालण्याची रीत याहून जुनी व अधिक रूढ आहे, आणि वर सांगितलेल्या कांदा-लसणाच्या दृष्टीने तीच अधिक आक्षेपार्ह होय.

शिजलेली हाडे ठिसूळ होऊन त्यांच्या कपच्या अन्ननलिकेत किंवा आतड्यात रुतू शकतात, म्हणून रस बारीक चाळणीतून दोनदा गाळणे इष्ट. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये कुत्र्यांना हाडे देण्याविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि कोमट रसात ते रुजून जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून पातेले रात्रभर ओट्यावर न ठेवता उथळ भांड्यांत लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावे व थिजलेला चरबीचा थर काढून टाकावा, कारण स्निग्ध अन्नाने कुत्र्यांत स्वादुपिंडदाह उद्भवू शकतो. पूरक खाद्य एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांत ठेवण्याचा सर्वसाधारण दंडक येथेही लागू पडतो. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या वृद्ध मांजराला पाणी हवे असते, पण फॉस्फरस व मिठाचे बंधनही असते. अशा मांजराला रस द्यावयाचा झाल्यास तो बिनमिठाचा व पातळ असावा, आणि त्याचे प्रमाण उपचार करणाऱ्या पशुवैद्याने ठरवावे.