दोन्ही अमेरिका खंडांवर कोलंबसपूर्व साम्राज्य : शक्यता आणि अडसर

उत्तर आणि दक्षिण अमेरिका या दोन्ही खंडांवर १४९२ पूर्वी एकाच सत्तेचा अंमल कधीच नव्हता. तो बसू शकला असता का, हा प्रश्न मात्र निरर्थक नाही. पंधराव्या शतकात मेक्सिकोच्या खोऱ्यात अ‍ॅझटेक आणि अँडीज पर्वतात इंका अशा दोन सत्ता एकाच वेळी भरभराटीला आल्या होत्या. त्यांच्या राजधान्या तेनोच्तित्लान आणि कुस्को यांच्यात सरळ रेषेत साडेचार हजार किलोमीटरहून अधिक अंतर होते. त्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी नकारार्थी द्यावे लागते. पण त्याचे कारण सहसा सांगितले जाते तसे निव्वळ अंतर नव्हे.

अ‍ॅझटेकांचा विचार लवकर संपतो. १४२८ मध्ये तीन नगरराज्यांच्या युतीतून उभी राहिलेली ही सत्ता खंडणीवर चालत असे. जिंकलेल्या प्रदेशात बहुधा स्थानिक राजालाच ठेवत, आणि संधी मिळताच तो उलटे. राजधानीपासून थोड्याच अंतरावरचे त्लाश्काला शेवटपर्यंत स्वतंत्र राहिले. पश्चिमेच्या पुरेपेचांनी तर १४७९ च्या सुमारास अ‍ॅझटेक फौजेचा दारुण पराभव केला. दक्षिणेकडे त्यांची मजल सोकोनुस्कोपर्यंत, म्हणजे आजच्या ग्वातेमाला सीमेपर्यंतच गेली.

इंकांची गोष्ट वेगळी. १४३८ च्या सुमारास पाचाकुती गादीवर आला आणि शंभर वर्षांच्या आत दक्षिण कोलंबियापासून चिलीतील माउले नदीपर्यंत सुमारे चार हजार किलोमीटर लांबीचा मुलूख एका अंमलाखाली आला. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर आहे, यावरून त्याचा पल्ला ध्यानात यावा. घोडा नाही, चाकाची गाडी नाही, लिपी नाही. हिशेब किपू नावाच्या गाठी मारलेल्या दोऱ्यांवर ठेवत. ठरावीक अंतरावरच्या चौक्यांत चास्की म्हणजे धावणारे जासूद बसलेले असत. एक धापा टाकत आला की दुसरा त्याच्या बरोबरीने धावतच तोंडी निरोप आणि किपू घेई व पुढे निघे. अशा रीतीने निरोप दिवसाला सुमारे २४० किलोमीटर जाई. ही व्यवस्था पाहिली की लांब पल्ल्याचे राज्य त्यांना अशक्य होते असे म्हणवत नाही.

अडसर होता तो मधल्या मुलखाचा. इंका जिथे जात तिथे आधीपासून शेती, गावे आणि हुकूम मानणारी माणसे लागत. कुटुंबांची दहा, शंभर, हजार अशी मोजणी करून वेठीच्या पाळ्या लावत, त्या श्रमातून रस्ते आणि कोठारे उभी राहत, आणि पुढची फौज त्याच कोठारांवर पोसली जाई. ओझ्याचा एकमेव प्राणी लामा. तो २५-३० किलोच वाहतो. मागून धान्य आणून दूरवर लढत राहणे यात बसत नव्हते. जिथे ही साखळी तुटली तिथे सीमा थांबली : दक्षिणेला मापुचे लोकांपुढे, पूर्वेला अ‍ॅमेझॉनच्या जंगलापुढे. उत्तरेला पुढे कोलंबियाच्या डोंगररांगा, त्यांत मुइस्कांचे समृद्ध पण लहान लहान सरदारांत वाटलेले पठार, मग आत्रातो नदीची दलदल आणि दारिएनचे जंगल होते. आजही अखिल अमेरिकी महामार्ग तिथे सुमारे शंभर किलोमीटर तुटलेला आहे. पनामाच्या संयोगभूमीपासून निकाराग्वापर्यंत जिंकून घ्यावे असे मोठे राज्य किंवा फौज पोसणारी भरलेली कोठारे नव्हती. मका या वाटेने हजारो वर्षांपूर्वी दक्षिणेत पोहोचला होता, पण लामा आणि बटाटा कोलंबसापूर्वी मेक्सिकोत गेलेच नाहीत. बी हातोहात सरकते. फौजेला रोज जेवावे लागते.

समुद्राची वाट मात्र खुली होती, आणि या विषयातला सर्वांत मोलाचा पुरावा तिथलाच आहे. १५२६ मध्ये स्पॅनिश सुकाणूधर बार्तोलोमे रुइस याला इक्वादोरच्या किनाऱ्याजवळ शीड लावलेला एक मोठा तराफा दिसला. बाल्साचे ओंडके दोरांनी आवळलेले, माल भिजू नये म्हणून वर वेताची उंच बैठक, सुती शीड आणि सुमारे वीस माणसे. मालात सोन्याचांदीचे दागिने, चांदीत मढवलेले आरसे, भरतकामाची लोकरी व सुती वस्त्रे आणि सोने तोलण्याची चिमुकली वजने होती. हे सारे स्पाँडिलस या लालसर काटेरी शिंपल्यांच्या बदल्यात द्यायचे होते. अकरा जणांनी पाण्यात उड्या टाकल्या. तिघांना रुइसने दुभाषे करण्यासाठी ठेवून घेतले. पश्चिम मेक्सिकोत सातव्या शतकाच्या सुमारास धातुकाम सुरू झाले. त्याचे तंत्र इक्वादोर-कोलंबियाच्या कारागिरीशी इतके जुळते की ते समुद्रमार्गे आले असे अनेक अभ्यासक मानतात, आणि तो निष्कर्ष पटण्यासारखा आहे. तरीही हे तराफे किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांचे होते. विनिमय राजाशिवाय चालतो. सैन्य, अधिकारी आणि नियमित कर वाहून नेईल असे आरमार इंकांनी उभारले नाही.

अधिक काळ मिळता तर? याविरुद्ध इंकांचाच इतिहास साक्ष देतो. सम्राट वायना कापाक याची अनेक वर्षे उत्तरेच्या मोहिमांत गेली; कारांकी लोकांनी दीर्घकाळ झुंज दिली. तो १५२७ च्या सुमारास वारला, तेव्हा दरबाराची एक फळी कुस्कोत आणि कसलेली फौज दूर उत्तरेला कितोच्या बाजूला होती. वास्कार आणि आतावाल्पा या भावांचे युद्ध याच फाटीवर पेटले आणि १५३२ मध्ये स्पॅनिश सेनानी पिसारो पेरूतील काहामार्काला पोहोचला तेव्हा ते नुकतेच संपत होते. साम्राज्य संयोगभूमीच्या अलीकडेच दुभंगू लागले होते.

दोन्ही खंडांवर पहिला अंमल बसला तो स्पेनचा. त्यांच्याकडे महासागरी जहाजे होती आणि खेचरे होती : पेरूची चांदी समुद्रमार्गे पनामाला येई, खेचरांवरून संयोगभूमी ओलांडे आणि कॅरिबियन किनाऱ्यावर पुन्हा जहाजात चढे. तरीही मेक्सिकोसाठी १५३५ मध्ये आणि पेरूसाठी १५४२ मध्ये असे दोन स्वतंत्र व्हाइसरॉयपदांचे प्रदेश स्पेनला निर्माण करावे लागले.