बैलाचा खांदा, काकूचा खांदा

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं, पळसाच्या पानाने शेकायचं आणि म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची एवढी विचारपूस. त्याच घरातल्या माणसाचा खांदा दुखला तर मात्र ‘लचकला असंल’ म्हणून विषय संपतो. माझ्या काकूने सात महिने असाच काढला. आंबाडा बांधता येईना तेव्हा कुठे बोलली, ‘माहा हात मांगं जातच नाही.’

मांडीचा सांधा उखळीत मुसळ बसावं तसा खोल बसलेला असतो. खांद्याचं तसं नाही. शाळेतली लिंबू-चमचा शर्यत आठवा. दंडाच्या हाडाचा माथा हे लिंबू, आणि त्याची खोबण म्हणजे उथळ चमचा. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच कबड्डीत खांदा निखळतोही. लिंबू जागेवर राहतं ते मुख्यतः चार छोट्या स्नायूंच्या कंडरांमुळे (कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) आणि भोवतीच्या पिशवीसारख्या आवरणामुळे. कापसाची गाठोडी वर्षानुवर्षं गाडीत वर फेकून या कंडरा झिजतात, कधी फाटतात. काकूचं दुखणं वेगळं होतं. तिचं आवरणच सुजून आखडलं होतं.

या आखडलेल्या खांद्याला ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव १९३४ साली बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी दिलं. सांगायला कठीण, बरं करायला कठीण, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. चाळिशी ते साठीत, बायकांना जास्त, आणि साखरेचा आजार असलेल्यांना तर कितीतरी जास्त होतो. काकूला साखर आहेच.

पण कॉडमन मला आवडतात ते दुसऱ्याच कारणासाठी. ऑपरेशन झालं, टाके निघाले, की पेशंट विसरला जायचा असा तो काळ. हा माणूस म्हणायचा, वर्षभराने त्याला पुन्हा बोलवा आणि विचारा, बरं वाटलं का? नाही, तर का नाही? आपल्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ मध्ये घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या उपचारांतल्या १२३ चुका त्यांनी स्वतः छापल्या. सहकाऱ्यांना हे रुचलं नाही, हे सांगायला नकोच.

त्या प्रश्नाची धार शंभर वर्षांनीही गेली नाही. खांद्याच्या वरच्या हाडाची कड कंडरेला घासते म्हणून दुखतं, ही अमेरिकन सर्जन चार्ल्स नीअर यांची १९७२ची मांडणी. तेव्हापासून ती कड तासण्याची ऑपरेशनं जगभर झाली. मग ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून तीन गट केले: एकाचं हाड तासलं, दुसऱ्याच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून पाहिलं, तिसऱ्याला काहीच केलं नाही. २०१८ साली छापून आलेला निकाल असा, की तासलेल्यांना नुसती दुर्बीण घातलेल्यांपेक्षा काही जास्त फायदा झाला नाही. काहीच न केलेल्यांपेक्षा थोडं बरं वाटलं, पण फरक दखल घ्यावा एवढा नव्हता. (सगळीच ऑपरेशनं फुकट, असा अर्थ काढू नका. पडून कंडरा फाटली तर टाके घालावे लागू शकतात.)

ओळखायचं कसं? हात स्वतःला उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर जातो, तेव्हा संशय कंडरेवर. दुसऱ्यानेही हलवला तरी अडतो, कोपर बरगडीला टेकवून पंजा बाहेर वळत नाही, तर आवरण आखडलेलं असण्याची शक्यता मोठी. खांदा निखळला असेल तर मात्र हाडवैद्याकडून ओढून घेण्याआधी एक्स-रे काढा. हाड मोडलेलं असू शकतं, आणि हाताची एक नस अगदी तिथूनच जाते.

आखडलेला खांदा मोकळा व्हायला एक ते तीन वर्षं लागतात, कधी थोडा ताठरपणा उरतोही. साखर आटोक्यात ठेवायची, दुखणं फार असेल तर डॉक्टर सांध्यात सुई देतात, आणि व्यायाम. रागाने ओढाताण केली तर सुरुवातीच्या काळात दुखणं वाढतं. काकू रोज सकाळी डाव्या हाताने बाजेचा गाता धरून वाकते आणि उजवा हात नुसता लोंबता सोडून हळूहळू झुलवते. या व्यायामाला कॉडमनचं नाव आहे. काकू त्याला पाळणा म्हणते.

यंदा खांदशेकणीला लोणी तिनेच चोळलं. डाव्या हाताने.