नाव बदललं तरी ठसा तोच: हरवलेल्या क्लिप सापडतात कशा?

लग्नसराईच्या दिवसांत व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक तक्रार हमखास येते. प्रोजेक्ट उघडला, टाइमलाइन (क्लिप ओळीने मांडलेली पट्टी) जागच्या जागी आहे, पण हळदीपासून वरातीपर्यंत सगळ्या क्लिप लाल, आणि वर लिहिलेलं ‘मीडिया ऑफलाइन’. त्यावर सल्लेही लगेच सुरू होतात. कोणी म्हणतं डेटा उडाला, कोणी म्हणतं व्हायरस. हल्ली तर ‘अमुक एआय सॉफ्टवेअर घे, १०० टक्के परत मिळतं’ असंही ठामपणे सांगितलं जातं. पैसे भरण्याआधी नेमकं काय हरवलंय हे समजून घेतलं, तर बहुतेक वेळा असं लक्षात येतं की हरवलेलं काहीच नाही.

मुळात प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो. सातबाऱ्यात जमिनीची नोंद असते, जमीन नसते, तसंच हे. तीन तासांच्या लग्नाचं फुटेज शेकडो जीबी असलं तरी प्रोजेक्ट फाइल काही एमबींतच आटोपते, कारण तिच्यात फक्त मजकूर असतो: कोणती क्लिप, कितव्या फ्रेमपासून कितव्या फ्रेमपर्यंत, कोणता इफेक्ट, आणि ती क्लिप डिस्कवर कुठे आहे त्याचा पत्ता. केडेनलाइव्ह या मोफत सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून हे सगळं वाचता येतं. अडोबीच्या प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरची फाइलही आतून मजकूरच असते, फक्त ती दाबून बसवलेली असते.

मग पत्ता चुकतो कसा? विंडोजवर कालपर्यंत ‘ई’ असलेली हार्ड डिस्क आज ‘एफ’ होते, कारण आधी कोणीतरी पेन ड्राइव्ह लावलेला असतो. फोल्डरचं नाव ‘नवीन फोल्डर’ होतं, ते कोणीतरी ‘देशमुख लग्न’ करून ठेवतं. फुटेज दुसऱ्या डिस्कवर हलवलं जातं. या सगळ्यांत फाइल शाबूत असते, फक्त जुन्या पत्त्यावर नसते.

देवनागरीत नावं देणाऱ्यांसाठी आणखी एक गोम आहे. क्लिपचं नाव ‘वऱ्हाड’ आहे असं समजा. यातला ‘ऱ’ संगणकात एकाच संकेताने लिहिता येतो किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशा दोन संकेतांनीही. फाइली मांडून ठेवण्याच्या मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीच्या डिस्क नाव साठवताना ‘ऱ’ फोडून दोन संकेत करतात. तीच क्लिप पुढे विंडोज किंवा लिनक्सवर गेली की डोळ्यांना नाव तेच दिसतं, पण संकेत वेगळे असल्याने संगणकाच्या लेखी ती दुसरीच फाइल ठरते. माणूस फोल्डर उघडून म्हणतो, ‘ही बघा, समोर तर आहे!’ आणि सॉफ्टवेअर म्हणतं, नाही. यात भुताटकी नाही आणि व्हायरसही नाही.

पत्ता चुकला तर क्लिप शोधायची कशावरून? नावावरून शोधणं धोक्याचं असतं. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असतील तर दोघांच्याही कार्डावर ‘सी०००१’ सापडते. एकीत नवरीची मेंदी, दुसरीत जेवणाची पंगत. प्रीमिअरमध्ये पुन्हा जोडताना नावाबरोबर क्लिपची सुरुवातीची वेळही जुळवून बघता येते, ती सोय जरूर वापरावी. पण मला मनापासून आवडते ती केडेनलाइव्हची रीत. ते फाइलचं नाव विचारतच बसत नाही, तिचा ठसा बघतं.

क्लिप प्रोजेक्टमध्ये घेतली की केडेनलाइव्ह तिचा आकार बाइटमध्ये नोंदवतं आणि तिच्यातून ३२ अक्षरांचा एक ठसा काढतं. हा ठसा काढण्याची कृती म्हणजे एमडी५. ती रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये तयार केली. तिच्यात माहितीचे ६४-६४ बाइटचे गठ्ठे पाडतात. सोबत ३२ बिटांच्या, म्हणजे ३२ जागी ० किंवा १ असलेल्या, चार संख्या असतात. त्यांची सुरुवातीची मूल्यं कायमची ठरलेली आहेत. प्रत्येक गठ्ठा या चार संख्यांमध्ये ६४ पायऱ्यांनी घुसळला जातो. पहिल्या १६ पायऱ्यांचा नियम पाहा: दुसऱ्या संख्येतला बिट १ असेल तर त्या जागेवरचा तिसऱ्या संख्येतला बिट घ्या, ० असेल तर चौथीतला. जे आलं त्यात पहिली संख्या, गठ्ठ्यातला एक तुकडा आणि एक ठरलेला अंक मिळवा. मग बिट डावीकडे फिरवा, वरून निघालेले खाली आणा. त्यात दुसरी संख्या मिळवा, चारही संख्यांच्या जागा बदला, आणि पुढची पायरी. दर १६ पायऱ्यांनी बिट निवडण्याचा नियम बदलतो. एक गठ्ठा संपला की त्याचा निकाल ही पुढच्या गठ्ठ्याची सुरुवात असते. शेवटी उरलेल्या या चार संख्या, म्हणजे १२८ बिट, हाच ठसा.

याचा परिणाम असा, की पहिल्या गठ्ठ्यातला एकच बिट बदलला तरी तो फरक प्रत्येक पायरीला पसरत जातो आणि शेवटच्या १२८ बिटांपैकी साधारण निम्मे उलटतात. ‘जवळपास सारखी’ फाइल आणि ‘जवळपास सारखा’ ठसा असं काही नसतंच. शक्य ठसे २ चा १२८ वा घात इतके, म्हणजे ३४ वर ३७ शून्यं. दोन वेगळ्या क्लिपचा ठसा योगायोगाने एक निघेल ही काळजी सोडून द्यावी. २००४ मध्ये चिनी संशोधक वांग श्याओयुन आणि सहकाऱ्यांनी एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या फाइल मुद्दाम बनवून दाखवल्या. तेव्हापासून डिजिटल सही-शिक्क्याच्या कामासाठी एमडी५ बाद झालं, ते योग्यच झालं. मात्र इथे कोणी फसवायला बसलेलं नाही, फक्त ओळख पटवायची आहे.

खरी हुशारी पुढे आहे. ६० जीबीची क्लिप सेकंदाला १२० एमबी वेगाच्या हार्ड डिस्कवरून अख्खी वाचायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. म्हणून २० लाख बाइटपेक्षा मोठ्या फाइलचे पहिले १० लाख आणि शेवटचे १० लाख बाइटच घ्यायचे, आणि त्यांचाच ठसा काढायचा. म्हणजे ३१,२५० गठ्ठे, २० लाख पायऱ्या. आजच्या संगणकाला हे डोळ्याचं पातं लवण्याआधी जमतं. मधला भाग न वाचता चालतं कसं? कारण एमपी४ फाइलची अनुक्रमणिका एका टोकाला असते, बहुतेक कॅमेरे ती रेकॉर्डिंग थांबल्यावर शेवटी लिहितात. तिच्यात चित्रीकरणाची वेळ आणि एकेका फ्रेमचा आकार असतो. दोन वेगळ्या चित्रीकरणांत हे आकडे सारखे येत नाहीत.

शोधताना आधी फक्त आकार जुळवला जातो, कारण त्यासाठी फाइल उघडावीही लागत नाही. आकार बाइट न् बाइट जुळला तरच ठसा काढायचा. त्यामुळे हजारो फाइलींची डिस्कही झटपट चाळून होते, आणि नाव काहीही असलं तरी क्लिप सापडते.

मात्र ठसा बाइटचा असतो, चित्राचा नाही. मूळ क्लिप गेली म्हणून नवरदेवाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून तोच व्हिडिओ परत मागवला, तर तो वाटेत पुन्हा दाबला गेलेला असतो. दिसायला तोच असला तरी एकही ठसा जुळणार नाही. तो हाताने जोडता येईल, पण फ्रेमची गती बदललेली असेल तर मंगलाष्टकांचा आवाज आणि चित्र हळूहळू एकमेकांपासून सरकत जाईल.

आता फाइल खरोखरच पुसली गेली असेल तर? कॅमेऱ्याच्या एक्सफॅट पद्धतीने फाइली मांडणाऱ्या कार्डावर पुसणं म्हणजे यादीतल्या नोंदीचा एक बिट १ चा ० करणं आणि ती जागा मोकळी आहे असं लिहिणं. चित्रं तिथेच राहतात, त्यांवर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून कार्ड ताबडतोब बाजूला ठेवावं आणि परत मिळवलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर घ्याव्यात. एसएसडीचं, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कचं, तसं नाही. तिथे पुसलेली जागा ‘ट्रिम’ आदेशाने डिस्कला कळवली जाते, आणि मग वाचायला गेलं तर बहुधा शून्यंच हाती येतात. तिथे कोणतंही एआय उपयोगी नाही. ते नवी चित्रं रचू शकेल, तुमच्या आजीचं हसू परत आणू शकणार नाही. बिघडलेली हार्ड डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा तोडगा तर कोणीच करू नये. आतलं वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. तिथे दव धरलं तर उरलेली आशाही संपते.

कार्डावरून फोटोरेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने फाइली परत काढल्या तर त्यांची मूळ नावं मिळत नाहीत. ‘एफ’ आणि पुढे एक लांबलचक आकडा, अशा शेकडो निनावी क्लिपचा ढीग पुढ्यात येतो. नावावर चालणारं सॉफ्टवेअर इथे हात टेकतं. पण कार्डावर क्लिपचे तुकडे सलग असतील आणि तिचा आकार पूर्ण जुळत असेल, तर तो ढीग एका फोल्डरमध्ये ठेवून केडेनलाइव्हला तिथे शोधायला सांगा. कोणती फाइल हळदीची आणि कोणती वरातीची, हे ते ठशावरून ओळखून टाइमलाइनवर आपोआप बसवतं.