पोस्टरसाठी छायाचित्रांची निवड

पोस्टरसाठी छायाचित्रांची निवड : स्टुडिओत एका बैठकीत टिपलेल्या शेकडो छायाचित्रांतून पोस्टरवर जाण्याजोगे एक, फार तर तीनचार, वेगळे काढण्याचे काम. चित्रपट, नाटक, गाण्याचे कार्यक्रम, जाहिराती, निवडणुकीचा प्रचार या सगळ्यांत ते करावे लागते. व्यवसायात त्याला ‘सिलेक्शन’ म्हणतात. स्पर्धेसाठी चित्र निवडताना ते स्वतःपुरते पूर्ण असावे अशी अपेक्षा असते. पोस्टरच्या चित्रात मात्र काहीतरी रिकामे असावे लागते, कारण अक्षरे अजून यायची असतात. त्यामुळे शूटमधले सर्वांत देखणे चित्र बाद होणे ही इथली रोजची गोष्ट आहे. छायाचित्रकार आणि डिझायनर यांचे खटके उडतात तेही बहुधा इथेच.

पूर्वपीठिका : भारतात पोस्टर आधी रंगवले गेले, छायाचित्राचे पुढे झाले. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव पेंटर यांनी ‘कल्याण खजिना’ (१९२४) या मूकपटासाठी केलेले पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणले जाते. चित्रकाराच्या हातातले पोस्टर निवडीच्या दृष्टीने सोयीचे होते. एका ‘स्टिल’मधले (चित्रपटातल्या प्रसंगाच्या छायाचित्रातले) डोळे, दुसऱ्यातला हात आणि तिसऱ्यातली साडी एकत्र करायला त्याला कोणाची परवानगी लागत नसे. निवडीतली चूक कुंचला पोटात घेई. छायाचित्रावरच तैलरंग चढवायची पद्धतही मुंबईत पुष्कळ चालली. दिवाकर करकरे यांनी १९७० च्या दशकात सुरीने थापलेल्या जाड रंगाची आपली शैली याच रीतीने घडवली. छायाचित्र थेट छापले जाऊ लागले तेव्हा ही सवलत गेली आणि नेमके कोणते चित्र घ्यायचे याला वजन आले. संगणकावरच्या रिटचिंगने ती सवलत बरीचशी परत आणली आहे, हे खरे. पण एकाच्या धडावर दुसऱ्या फ्रेममधले डोके बसवले की मान सांगून टाकते.

फिल्मच्या काळात निवडीचे साधन होते कॉन्टॅक्ट शीट. धुतलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या कागदावर थेट टेकवून एकाच वेळी छाप घ्यायचा. ३५ मिमी फिल्मच्या एका रिळाच्या ३६ फ्रेम अशा एका कागदावर येत, प्रत्येक फ्रेम फक्त २४ × ३६ मिमीची. भिंग लावून त्या पाहायच्या आणि मेणाच्या लाल पेन्सिलीने पसंतीला चौकट, नापसंतीला फुली मारायची. काडेपेटीपेक्षाही लहान चित्रे पाहून निवड करणे गैरसोयीचे वाटते खरे, पण पोस्टरसाठी ते फार उपयोगी होते. त्या आकारात डोळ्यांतली चमक किंवा कापडाचा पोत दिसतच नाही. दिसतो तो फक्त आकार, आणि रस्त्याच्या पलीकडून पोस्टरचाही आकारच दिसतो. आजही जाणते डिझायनर पडद्यावर चित्र बोटभर करून पाहतात, ते याचसाठी. तिकीट-विक्रीच्या ॲपवर पोस्टर तेवढेच दिसते, हे आणखी एक कारण.

स्टुडिओतली निवड शूट संपल्यावर सुरू होते असेही नाही. छायाचित्रकार फिलिप हाल्समान यांनी १९४८ मध्ये चित्रकार साल्वादोर दालींचे उडीचे चित्र घेतले, तेव्हा मदतनीस तीन मांजरे आणि बादलीभर पाणी हवेत फेकत, हाल्समान यांची पत्नी खुर्ची धरून राही आणि दाली उडी मारत. प्रत्येक खेपेनंतर फिल्म धुऊन पाहायची, मांडणी जमली नाही तर सगळे पुसून पुन्हा सुरुवात. सुमारे सहा तासांत असे २८ प्रयत्न झाले. पुढे प्रकाशयोजना तपासायला पोलरॉइड, म्हणजे लगेच छाप देणारी फिल्म, आली आणि आता कॅमेरा केबलने संगणकाला जोडलेला असतो. ‘टेदर’ केलेल्या या शूटमध्ये प्रत्येक चित्र क्षणात मोठ्या पडद्यावर येते. सोय मोठी, पण तिची किंमतही आहे. निर्माता, दिग्दर्शक, कलाकाराचा मॅनेजर असे सगळे पडद्याभोवती जमतात आणि पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी ‘हाच फायनल’ म्हणून टाकतो. नंतरची तीनशे चित्रे त्या एकाशी तुलना होण्यापुरतीच उरतात.

पद्धत : पहिली फेरी बाद करण्याची. मिटलेले डोळे, न पेटलेला फ्लॅश, जवळच्या डोळ्याऐवजी कानावर गेलेला फोकस, चेहऱ्यावर आलेली केसांची बट अशी चित्रे यात जातात. लाइटरूम (२००७), कॅप्चर वन, फोटो मेकॅनिक यांसारख्या प्रणालींत एकेक कळ दाबून चित्र ‘पसंत’ किंवा ‘बाद’ करता येते आणि एक ते पाच तारे देता येतात. अनुभवी माणूस या फेरीत एका चित्रावर एकदोन सेकंदांहून जास्त थांबत नाही. दुसऱ्या फेरीत सारखी दिसणारी चित्रे शेजारी मांडून प्रत्येक गटातून एकच ठेवायचे. हीच फेरी खरी कंटाळवाणी, कारण हनुवटी पाव इंच वर की खाली एवढाच फरक उरलेला असतो. तिसरी फेरी शक्यतो दुसऱ्या दिवशी करावी. ज्या चित्रासाठी तासभर दिवे हलवले ते छायाचित्रकाराला त्याच संध्याकाळी हमखास आवडते. पाहणाऱ्याला मात्र त्या तासाभराचा पत्ता नसतो.

तांत्रिक काटेकोरपणा आणि भाव यांत भाव श्रेष्ठ, असे सगळेच म्हणतात. पोस्टरच्या बाबतीत त्याला मर्यादा आहे. चित्र जरा हललेले असले तरी चालते. मात्र फोकस नाकावर असून डोळे मऊ आले असतील तर मोठ्या छपाईत ते लपत नाही. छपाईच्या दृष्टीने आणखी एक खबरदारी अशी की पडद्यावर गडद, गूढ दिसणारे चित्र साध्या कागदावर शाई पसरल्यामुळे अधिक काळवंडते. दोन फ्रेम सारख्याच चांगल्या असतील तर सावलीत थोडा तपशील शिल्लक असलेली घ्यावी.

अक्षरांची जागा : मराठी पोस्टरसाठी निवड करताना हा मुद्दा इतर सगळ्यांच्या वर ठेवावा लागतो. रोमन मोठ्या अक्षरांतले शीर्षक एका सरळ पट्टीत मावते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांच्या शेपट्या. शीर्षक दोन ओळींचे असेल तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात, म्हणून ओळींतले अंतर वाढवावे लागते आणि तेवढी जागा चित्रातूनच काढावी लागते. डोक्याला चिकटून कापलेला, चौकट भरून टाकणारा चेहरा इथे नडतो. मग शीर्षक छातीवर येते किंवा गळ्याशी शिरोरेषेची काठी आडवी पडते. नाटकांच्या शीर्षक-अक्षरांसाठी ख्यातनाम असलेले कमल शेडगे (मृत्यू २०२०) यांची अक्षरे पाहिली की लक्षात येते, नाटकाचा अर्धा स्वभाव ती अक्षरेच सांगून जात. अशा अक्षरांच्या खाली चेहऱ्याने पुन्हा तेच ओरडून सांगायची गरज नसते. विनोदी नाटकाच्या पोस्टरवर सगळ्यांनी डोळे वटारून जीभ बाहेर काढायची ही रूढी कधी पडली कोण जाणे. सिलेक्शनमध्ये शांत चेहऱ्याचे एखादे चित्र असते, पण ते क्वचितच निवडले जाते.

मोकळी जागा नुसती असून भागत नाही, ती योग्य बाजूला लागते. माणूस ज्या दिशेला पाहतो तिकडे प्रेक्षकाची नजर वळते. अक्षरे डावीकडे आणि चेहरा उजवीकडे बाहेर पाहणारा असला तर दोघांचे भांडण झाल्यासारखे दिसते. यावर सोपा उपाय म्हणून चित्र आरशासारखे उलटवले जाते, आणि तिथे फसगत होते. महाराष्ट्रात नथ डाव्या नाकपुडीत घालतात आणि पदर डाव्या खांद्यावरून जातो. उलटवलेल्या चित्रात दोन्ही उजवीकडे जातात, आणि पोस्टर पाहणाऱ्या आजीला ते पहिल्या नजरेत कळते. शर्टाची बटणे, पुणेरी पगडीचा कोका, मनगटी घड्याळ, तबल्याची जोडी हीदेखील अशीच चुगली करतात. वाजवताना काढलेले चित्र तर कधीच उलटवू नये. डग्गा उजव्या हाताखाली आला की कलाकार डावखुरा ठरतो. बिली द किड हा अमेरिकन बंदूकबाज डावखुरा होता असा समज वर्षानुवर्षे चालला, तो त्याच्या पत्र्यावरच्या उलट्या छायाचित्रामुळेच.

अनेक चेहरे : माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लववतो, त्यामुळे समूहचित्रात सगळ्यांचे डोळे उघडे असलेली फ्रेम मिळणे नशिबावर असते. ऑस्ट्रेलियातील निक स्व्हेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी याचे गणितच मांडले. वीसपेक्षा कमी माणसे आणि चांगला प्रकाश असेल तर माणसांच्या संख्येला तीनाने भागून येतील तितकी चित्रे घ्यावीत, प्रकाश कमी असेल तर दोनाने भागावे. या कामाला २००६ चे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले. पोस्टरवाले मात्र हा प्रश्न बहुधा टाळतातच. प्रत्येकाचे चित्र वेगळे घ्यायचे आणि नंतर जुळवायचे. ‘ट्रेनस्पॉटिंग’ (१९९६) या ब्रिटिश चित्रपटाच्या पोस्टरसाठी लॉरेन्झो ॲजियस यांनी पात्रांची अशी स्वतंत्र कृष्णधवल चित्रे स्टुडिओत घेतली होती. मग तीच चित्रे एकत्र पोस्टरवर आणि एकेकट्याच्या पोस्टरवरही वापरता आली. या पद्धतीत निवडताना प्रत्येकाचे उत्तम चित्र न शोधता एकमेकांशेजारी उभी राहू शकतील अशी चित्रे शोधायची असतात. उजेड एकाच बाजूने आलेला हवा, कॅमेऱ्याची उंची सारखी हवी. खालून घेतलेला नायक आणि डोळ्यांच्या पातळीवरून घेतलेली नायिका जोडली की दोघे वेगवेगळ्या मजल्यांवर उभे वाटतात. कोणाचा चेहरा किती मोठा आणि कोणाच्या पुढे, हा भाग तंत्राचा नसून मानापमानाचा आहे, आणि निर्मात्याने तो शूटच्या आधी मिटवलेला असला तर डिझायनर त्याला दुवा देतो.

आकार आणि कात्री : भारतात चित्रपट-पोस्टरचा ३० × ४० इंच हा नेहमीचा आकार आहे. ६००० × ४००० पिक्सेलच्या, म्हणजे २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याने उभे चित्र घेतले तर या प्रमाणात कापून ४००० × ५३३३ पिक्सेल उरतात, म्हणजे इंचाला सुमारे १३३. हातभर अंतरावरून पाहायच्या छपाईसाठी ३०० चा आग्रह असतो, पण भिंतीवरच्या पोस्टरला १३३ बऱ्यापैकी पुरतात. तेच चित्र आडवे घेतले असेल आणि त्यातून उभा तुकडा काढायचा असेल तर ३००० × ४००० उरतात, इंचाला फक्त १००, कॅमेऱ्याचे निम्मे पिक्सेल वाया. म्हणून आडव्या फ्रेमच्या प्रेमात पडण्याआधी हा हिशेब करावा.

तरीही कात्रीने चमत्कार केलेले आहेत. अल्बेर्तो कोर्दा हे हवानाचे मुळात फॅशन-छायाचित्रकार. ५ मार्च १९६० रोजी एका शोकसभेत त्यांनी क्रांतिकारक चे गव्हेराची लागोपाठ दोन चित्रे घेतली, एक आडवे आणि एक उभे. उभ्यात चेच्या खांद्यामागून कोणाचे तरी डोके वर आलेले होते. आडव्यात एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला माडाची झावळ होती, पण ती कापण्यासारखी होती. कोर्दांनी ती कापली. वर्तमानपत्राने त्या दिवशी हे चित्र घेतले नाही; सात वर्षे ते स्टुडिओच्या भिंतीवर टांगलेले राहिले आणि १९६७ नंतर पोस्टर होऊन जगभर गेले. स्टुडिओत अशी कात्री लागू नये एवढी सोय असते: पार्श्वभूमी आपली, उभे राहायची जागा आपली.

अंतिम शब्द कोणाचा : अभिनेत्री मेरिलिन मन्रोची छायाचित्रकार बर्ट स्टर्न यांनी १९६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात अडीच हजारांच्या आसपास चित्रे घेतली. पाहायला पाठवलेल्यांपैकी नावडत्या चित्रांवर तिने फुल्या मारल्या, काही पारदर्शिका (स्लाइड) तर केसांच्या पिनेने ओरखडून टाकल्या. तिच्या मृत्यूनंतर स्टर्न यांनी फुल्यांसकट ती चित्रे प्रसिद्ध केली. नकाराचा हक्क तोंडी असेल तर तो किती टिकतो, याचे हे उदाहरण. भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो, छायाचित्रकार नव्हे. निर्मात्याने पैसे दिले असतील तर बाद झालेल्या फ्रेमही त्याच्याच. नेमकी कोणती फ्रेम घेतली याची नोंद ठेवणेही वाटते त्याहून महत्त्वाचे आहे. अमेरिकन चित्रकार शेपर्ड फेअरी यांनी बराक ओबामांचे २००८ चे पोस्टर एका वृत्तसंस्थेच्या छायाचित्रावरून केले. वाद कोर्टात गेल्यावर त्यांनी आपण जॉर्ज क्लूनीसोबतच्या दुसऱ्या फ्रेममधून चेहरा कापून घेतल्याचे सांगितले. २००९ मध्ये ते खोटे असल्याचे त्यांना कबूल करावे लागले आणि २०१२ मध्ये त्याबद्दल दंडही झाला.

मराठी नाटकाच्या शूटमध्ये न निवडलेल्या चित्रांचे आयुष्य बरेच मोठे असते. शूट पुष्कळदा तालमी चालू असतानाच उरकले जाते, कपडे अजून ठरलेले नसतात, कधी दुसऱ्याच नाटकाचा सदरा अंगावर असतो. प्रयोग सुरू झाल्यावर नाटकाचा सूर पालटला की पहिल्या सिलेक्शनमध्ये मागे राहिलेली फ्रेम बाहेर काढतात. शंभराव्या प्रयोगाच्या जाहिरातीला नवे काहीतरी हवे असते. आणि कलाकार बदलला तर नव्या माणसाला एकट्याला स्टुडिओत बोलावून, जुन्या चित्रांतला उजेड कोणत्या बाजूचा होता ते पाहून, त्याच जागी उभे करून घ्यावे लागते. म्हणून दिव्यांच्या जागांचा एक मोबाइलवरचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवतात.