पुणेरी पाटी: वाड्याच्या भिंतीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

पुणेरी पाटीचं मूळ शोधायचं तर वाड्यात जावं लागतं. सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा या पेठांतल्या वाड्यांमध्ये मालक एक आणि बिऱ्हाडं अनेक, ही गेल्या शतकातली सर्रास स्थिती. नळ सामायिक, संडास सामायिक, जिना आणि चौक सगळ्यांचा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. भाडं वाढवता येईना, भाडेकरूला काढता येईना. मालकाच्या पूर्ण ताब्यात राहिलेल्या मोजक्या गोष्टींमध्ये भिंत होती, आणि त्या भिंतीवर तो आपलं म्हणणं लिहून ठेवी. नळ बंद करावा. जिन्यात सायकली लावू नयेत. चौकात अंथरुणं वाळत घालू नयेत.

रोज सकाळी नळावर ज्याचं तोंड पाहायचं त्याच्याशी रोज भांडता येत नाही. पाटी ते भांडण आपल्या अंगावर घेते. म्हणूनच तिच्यात लिहिणारा कुठे दिसत नाही. 'फाटकासमोर वाहन लावू नये, हवा सोडली जाईल.' हवा कोण सोडणार, याचा पत्ता नाही. धमकी आहे, पण ती जणू निसर्गनियमासारखी सांगितलेली. खाली फार तर 'आज्ञेवरून' एवढंच. आज आपल्याला हसू येतं ते या गांभीर्याचं. लिहिणारा वैतागलेला असतो, पण व्याकरण सोडत नाही, आणि वैताग शुद्धलेखनाच्या चौकटीत बसवला की त्याला एक धार येते. विनोद करायचा म्हणून लिहिलेल्या पाटीला ही धार कधीच येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुकानांच्या पाट्यांचंही तसंच. 'आमची कोठेही शाखा नाही' या वाक्याला जगभर पसरलेल्या दुकानसाखळ्यांच्या काळात आपण हसतो. पण एखाद्याचं नाव झालं की तेच नाव किंचित फिरवून शेजारच्या गल्लीत दुसरं दुकान उभं राहण्याचा तो काळ होता. गिऱ्हाईक फसू नये म्हणून केलेला तो खुलासा आहे. 'दुपारी १ ते ४ बंद' यामागेही घर चालवण्याची एक रीत होती. दुकान घरच्याच माणसांनी चालवायचं, भल्या सकाळी उघडायचं, रात्री उशिरा आवरायचं. मधल्या वेळेत जेवण आणि वामकुक्षी झाली नाही तर चालवणार कोण?

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचं धरणही त्या लोंढ्यात गेलं, आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे कोसळले. पूरग्रस्तांसाठी शहराच्या कडेला नव्या वसाहती उभ्या राहिल्या. पुढच्या दशकांत उरलेल्या वाड्यांच्या जागीही इमारती आल्या. सायकलींचं म्हणून ओळखलं जाणारं शहर स्कूटरवर बसलं. पाटीचा विषय त्याबरोबर सरकला: नळावरून पार्किंगवर, दिंडी दरवाज्यावरून लिफ्टवर. वाडामालकाची लेखणी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे आली. आवाज मात्र जवळपास तोच राहिला, कारण अडचण तीच होती. माणसं जास्त, जागा कमी.

मजकुराइतकंच महत्त्व अक्षराला आहे, आणि त्याकडे आपलं लक्ष कमी जातं. डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता भागातल्या जुन्या बंगल्यांच्या फाटकावर संगमरवरात कोरलेली नावं एकदा थांबून पाहावीत. मातृछाया, श्रमसाफल्य, आशीर्वाद. खोदलेल्या अक्षरात भरलेला काळा रंग उन्हापावसानं कुठे कुठे निघून गेलेला असतो आणि तिथे नुसती सावली अक्षर पुरं करते. पेठांमधल्या रंगवलेल्या पाट्या वेगळ्या. त्या पेंटरच्या हातच्या.

पेंटर आधी पत्र्याला किंवा भिंतीला अस्तराचा हात देई. मग खडूत किंवा निळीत बुडवलेला दोरा ताणून टिचकी मारली की सरळ रेघ उमटे. दोन रेघांमध्ये अक्षरं खडूनं पुसट आखून घ्यायची आणि चपट्या ब्रशनं ऑइलपेंट भरायचा. देवनागरीत खरी कसोटी शिरोरेघेच्या वर असते. वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांना जागा सोडली नाही तर वरच्या ओळीचे उकार त्यांच्यावर आदळतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना अक्षरलेखन असे. हा हात कित्येकांनी तिथेच पहिल्यांदा बसवला. कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षरकारानं मराठी नाटकांच्या नावांना जी रूपं दिली, ती वर्तमानपत्रांच्या जाहिरातींतून घरोघर पोचली. २०२० मध्ये ते गेले. मराठी माणसाची नजर अक्षराच्या वळणाला सरावली यात त्यांचा वाटा मोठा आहे.

नारायण पेठेत एका जिन्याखाली अशी एक पत्र्याची पाटी आहे. पिवळी जमीन, काळी अक्षरं, प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे तांबडी सावली. वर 'सूचना', खाली दोन रेघा. पहिली ओळ ऐसपैस सुरू होते: 'या जिन्यात'. दुसरीत 'चपला काढू' येईपर्यंत पत्रा संपत आलेला, म्हणून 'नयेत' अंग चोरून बसलाय; त्यातला 'त' निम्म्या रुंदीचा, आणि 'ये'ची मात्रा चौकटीच्या रेघेला टेकलेली. पेंटरनं तो 'त' टाकून दिला असता तर कुणाचं काही अडलं नसतं. पण चपला अनेक, तेव्हा 'नयेत'च हवं, म्हणून त्यानं तो बसवलाच. गंज खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर चढतोय. उजव्या कोपऱ्यात पेंटरची बारीक सही आहे, पुढे 'आर्ट्स'. त्या एका निमुळत्या 'त'साठी मी त्या जिन्यापाशी पुन्हा पुन्हा थांबलो आहे.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्लेक्सची छपाई स्वस्त झाली आणि पेंटरचं काम झपाट्यानं आटलं. जो फलक रंगवायला दोन दिवस लागत, तो तासाभरात छापून मिळू लागला. यात पुण्याचा आणखी एक धागा आहे. संगणकावर मराठी आणण्याच्या कामात इथल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचा आणि 'श्री-लिपी' हे भारतीय लिप्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीचा मोठा हात होता. रोजच्या व्यवहारात मराठी टिकवणारं हे काम होतं, आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्याच सोयीमुळे वाढदिवसाचा फलक, वडापावची गाडी आणि दवाखाना यांची अक्षरं सारखी दिसू लागली हेही खरं.

नेमक्या याच काळात कॅमेरा खिशात आला. त्याआधी पाटीचा फोटो कोण काढत होतं? रोल ३६ फोटोंचा, वर धुलाई आणि छपाईचा खर्च. लग्न, सहल, बारसं यातून पाटीसाठी एक फोटो खर्ची घालणं घरात कुणाला पटलं नसतं. छायाचित्रकारांपैकी काहींनी मात्र हे फार आधी ओळखलं होतं. पॅरिसमध्ये अत्झे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या दुकानांच्या पाट्या टिपल्या. अमेरिकेत वॉकर इव्हान्स १९३० च्या दशकापासून रस्त्यावरचे फलक टिपत होते. आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत, १९७३ पासून, त्यांनी पोलरॉइडचा एसएक्स-७० हा घडीचा कॅमेरा हाती घेतला. तब्येत साथ देत नव्हती, पण कॅमेरा हलका होता आणि फोटो जागेवरच हातात येई. रस्त्यावर रंगवलेली अक्षरं, बाण, फलकांचे तुटके कोपरे असे अडीच हजारांहून अधिक फोटो त्यांनी काढले. आवडलेल्या पाट्या ते उतरवून घरीही नेत. मोबाइलनं आज आपण जे करतो त्याचा जवळचा पूर्वज मला त्या कॅमेऱ्यात दिसतो. जपानमध्ये १९८६ साली गेनपेई आकासेगावा आणि त्यांच्या मित्रांनी रस्त्यांचं निरीक्षण करणारी मंडळीच जमवली. कुठेही न जाणारे जिने, मॅनहोलची झाकणं, फलक, सगळ्याची ते नोंद ठेवत.

कॅमेरा असलेला शार्पचा मोबाइलही जपानमध्येच नोव्हेंबर २००० मध्ये विक्रीला आला. त्याचा फोटो जेमतेम १ लाख १० हजार पिक्सेलचा. अशा फोटोत चेहरा धूसर दिसे, पण मोठी अक्षरं वाचता येत. आपल्याकडे पुणेरी पाट्या आधी ई-मेलमधून फिरल्या, मग व्हॉट्सॲपवर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि त्यांना ऊतच आला.

इथे एक नुकसान झालं. पाटी भिंतीवरून सुटली. फोटो पुढे जाता जाता कापला गेला, गल्ली गेली, जिना गेला, उरला फक्त मजकूर. मग नुसता मजकूर कुणालाही रचता येऊ लागला. कोऱ्या भिंतीच्या चित्रावर संगणकाचा फॉन्ट टाकला की झाली पुणेरी पाटी. अशी बनावट पाटी ओळखणं अवघड नाही. तिच्यात दोन 'क' तंतोतंत सारखे असतात, हाताच्या पाटीत कधीच नसतात. अक्षरावरचा प्रकाश भिंतीवरच्या प्रकाशाशी जुळत नाही. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे तिला कुठलीही अडचण नसते. खऱ्या पाटीच्या मागे एक चप्पल, एक स्कूटर, एक तुंबलेली मोरी असते.

अलीकडे कायद्यानंही पाट्यांचं रूप बदललं. महाराष्ट्रात दुकानांवर मराठी पाट्यांचा नियम जुनाच होता. २०२२ च्या दुरुस्तीनं तो दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाला, आणि देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, असंही ठरलं. मद्यविक्रीच्या दुकानांना महापुरुषांची वा गडकिल्ल्यांची नावं देण्यास त्याच दुरुस्तीनं मनाई केली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली. त्या घाईत कुठे इंग्रजी फलकावर मराठी स्टिकर चिकटले, तर काही ठिकाणी परदेशी नावांना देवनागरीत खरोखर देखणी रूपं मिळाली. हे संक्रमण टिपण्यासारखं आहे. स्टिकरखालचं जुनं अक्षर फार दिवस दिसणार नाही.

काय टिपावं, याबद्दल माझा एक आग्रह आहे. पंक्चरच्या टपरीवरच्या चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घाला हसण्यासाठी फोटो काढू नये. परप्रांतातून आलेल्या माणसानं दोन महिन्यांत मराठी लिहायचा प्रयत्न केलाय, आणि त्याची टपरी कुठे आहे हे त्यातून व्यवस्थित कळतं. पाटीवर कुणाचं नाव किंवा फोन नंबर असेल तर तो पुढे पाठवण्याआधी झाकावा. आणि जमेल तिथे पाटीबरोबर भिंत, दार, रस्त्याचा तुकडा येऊ द्यावा.

हनीफ कुरेशी यांनी देशभरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे डिजिटल फॉन्ट करण्याचा उपक्रम उभा केला, आणि त्या फॉन्टना पेंटरांचीच नावं दिली. २०२४ मध्ये ते अकाली गेले. अशा कामाला साध्या मोबाइलवरचे फोटोही उपयोगी पडतात, फक्त ते नीट काढलेले हवेत. पाटीच्या बरोबर समोर उभं राहून, फोन तिरका न करता. पेठांमध्ये त्यासाठी दुपारी १ ते ४ ही वेळ उत्तम, कारण शटर खाली असतात, समोर गाड्या कमी असतात आणि शटरवरची अक्षरं पुरी दिसतात. ऑइलपेंट चमकत असेल तर एक पाऊल बाजूला सरकावं. तारीख आणि पेठेचं नाव फोटोबरोबर लिहून ठेवावं. आणि फोटो कापताना उजवा खालचा कोपरा सोडू नये. पेंटरची सही बहुधा तिथेच असते.