जिताड्याच्या अंगावरची रेघ

"अरे, हे पाणी आहे की अमृततुल्य?"

रेवदंड्याच्या खाडीकडे बघून आमच्यातला एकजण म्हणाला आणि मासेमारीचा रॉड जोडायचाच थांबला. पहाटे तीनला कोथरूडहून निघून, खोपोली-पेण-अलिबाग करत आम्ही चौघं साडेसहाला कुंडलिकेच्या मुखाशी पोचलो होतो. कोजागिरी होऊन पाच दिवस झालेले. पावसाळ्याचा गाळ अजून खाली बसला नव्हता. पाण्यात हात घातला तर मनगटापुढचं काही दिसेना. "आपल्याला स्वतःचा हात दिसत नाही, तर माशाला ते रबराचं पिल्लू काय डोंबल दिसणार? चला, नाश्ता करू."

त्याला तिथंच जे सांगायचं होतं ते नीट सांगता आलं नाही, म्हणून हा लेख.

आम्ही जिताड्यासाठी गेलो होतो. इंग्रजीत ज्याला सी बास म्हणतात त्यातला आपल्याकडचा हा. शास्त्रीय नाव लेटिस कॅल्करिफर, 1790 साली ब्लॉख यांनी दिलेलं. बंगाल्यांची भेटकी तीच आणि ऑस्ट्रेलियाचा बारामुंडीही तोच. अलिबागकडे खारजमिनीतल्या तळ्यांत हा पाळतात आणि पाहुणचाराला काढतात. हा मासा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि पुढे, साधारण सहा-आठ वर्षांचा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे फार मोठा जिताडा हाती लागला तर ती बहुधा 'ती' असते. त्यावर स्वतंत्र लेख होईल, आज नाही.

वेळ आम्ही तिथीवरून काढली होती. कोकणात हिशेब तोंडपाठ असतो: तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ. पंचमी, म्हणजे पावणेचार. त्यानंतर सुकती, म्हणजे ओहोटी, आणि सुकतीची सगळ्यात जोरकस ओढ मधल्या दोन तासांत, म्हणजे आम्ही पोचलो तेव्हा. तीस तिथींत भरती चोवीस तास सरकते, म्हणून तिथीमागे खरी 48 मिनिटं होतात. पण पाऊणकी तोंडी करायला सोपी. हे ज्योतिष नव्हे, चंद्राचं गुरुत्वाकर्षण आहे. पण याच चंद्राच्या नावानं मोबाइलवर 'आज मासा लागण्याची शक्यता इतके टक्के' सांगणारी ॲपं निघाली आहेत. टक्का कुठून आला ते विचारू नये. आमच्यातला एकजण असं ॲप बघतो आणि घरून निघताना आईनं "कुठे निघालात?" विचारलं की चिडतो, कुठे विचारलं की मासा लागत नाही म्हणे. त्या दिवशी आईनं विचारलं होतं. मासा लागला, आणि त्यालाच लागला.

आता त्या गढूळ पाण्याकडे येऊ.

मंडईतून किंवा गणेश पेठेच्या मासळी बाजारातून अख्खा मासा आणलात तर साफ करण्याआधी त्याची कूस बघा. कल्ल्याच्या मागून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते. शाळेच्या पुस्तकात तिला पार्श्वरेषा म्हणतात आणि एका वाक्यात उरकतात. बहुतेक माशांत ही रेघ शेपटीच्या बुडाशी संपते. जिताड्यात ती थांबत नाही, थेट शेपटीच्या पंखावर जाते. नखानं चाचपून बघा, लागते.

ही रेघ म्हणजे त्वचेखालची एक नळी. रेघेवरच्या खवल्यांना भोकं असतात, त्यांतून नळीचा बाहेरच्या पाण्याशी संबंध राहतो. दोन भोकांच्या मधे, नळीच्या तळाशी, एकेक संवेदक बसलेला. संवेदक म्हणजे काय, तर केसाळ पेशींचा पुंजका आणि त्यावर जेलीची मऊ टोपी. पाणी हललं की टोपी कलते, टोपीत रुतलेले केस कलतात. एका पेशीवरचे हे केस जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत्या उंचीचे असतात, आणि प्रत्येक केसाचा शेंडा शेजारच्या उंच केसाला एका अतिसूक्ष्म धाग्यानं बांधलेला असतो. केस उंच पायरीच्या बाजूला कलले की धागा ताणला जातो आणि शेंड्यावरचं दार उघडतं. विद्युतभारित कण आत घुसतात, मज्जातंतूला निरोप जातो. उलट्या बाजूला कलले की धागा सैल, दार बंद, निरोप मंद. हे कलणं नॅनोमीटरच्या हिशेबात मोजावं लागतं. एकाच पुंजक्यात अर्ध्या पेशींचं तोंड शेपटीकडे, अर्ध्यांचं डोक्याकडे, त्यामुळे पाणी कुठल्या दिशेनं हललं तेही कळतं.

इथं माझ्या मित्राचा खरा प्रश्न यायला हवा होता, जो त्यानं विचारलाच नाही. सुकतीला सगळं पाणीच समुद्राकडे पळत असतं. त्या लोंढ्यात चार बोटांच्या रबरी शेपटीची थरथर वेगळी कळणार कशी?

नळीमुळे. नळीतलं पाणी हलायला शेजारच्या दोन भोकांवरच्या दाबात फरक पडावा लागतो. प्रवाह संथपणे एकसारखा वाहत असेल तर दोन्ही भोकांवर जवळपास सारखाच दाब, आत शांतता. पण जवळून काही फडफडत गेलं तर एका भोकावर दाब जास्त, दुसऱ्यावर कमी, आणि तोही क्षणोक्षणी बदलता. तेवढंच आत पोचतं. म्हणजे नळी ही गाळणी आहे: वाहणं बाहेर ठेवायचं, बदल आत घ्यायचा. नळीबाहेर, उघड्या त्वचेवरही असेच संवेदक असतात. ते प्रवाहाची खबर ठेवतात, माशाला तोंड कुठे करून उभं राहायचं ते सांगतात. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर उभे असताना खिशातल्या मोबाइलची थरथर जाणवते ना, तसं काहीसं. उदाहरण अगदी चपखल नाही, पण चालवून घ्या.

याची मर्यादाही समजून घ्यायला हवी. फडफडणाऱ्या वस्तूभोवतीची पाण्याची ही हालचाल अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट, हालचाल एकअष्टमांश. तिप्पट, तर सत्ताविसावा भाग. त्यामुळे पार्श्वरेषेचा पल्ला माशाच्या लांबीच्या एक-दोन पट, फार तर. दोन फुटी जिताड्याला ही जाणीव चारेक फुटांपर्यंत. त्याहून लांबचा आवाज तो ऐकतो, पण कानानं. तो वेगळा मामला. म्हणून गढूळ पाण्यात लूर, म्हणजे गळाला लावलेलं ते रबराचं पिल्लू, भराभर ओढून चालत नाही. पंख्यासारखं, हातहात सरकवत फेकायचं, आणि जिथं बाजूचा ओहोळ खाडीला मिळतो तिथं तळालगत हळू आणायचं.

पावणेआठला तसंच झालं. लूर ओहोळाच्या तोंडावरून येत होती, फट् असा आवाज आला आणि रॉड वाकला. तो आवाज जबड्याचा. जिताडा चावत नाही, तोंड एकदम फाकून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. दीड फुटाचा होता, म्हणजे अजून नरच. गळ काढेपर्यंत मी मित्राचा अंगठा धरून त्या रेघेवरून शेपटीपर्यंत फिरवला. मग सोडून दिला. चहाच्या रंगाच्या पाण्यात वीतभर खाली गेला आणि दिसेनासा झाला.

मला सगळ्यात आवडणारा भाग राहिलाच. या केसाळ पेशी जशा माशाच्या कुशीत, तशाच आपल्या कानाच्या शंखात आहेत. तेच जिने, तेच धागे, तीच दारं. त्या पेशी आवाजाचं विजेत रूपांतर कसं करतात हे उलगडल्याबद्दल हडस्पेथ, फेटिप्लेस आणि पेटी या तिघांना 2018 चा मेंदूविज्ञानातला काव्हली पुरस्कार मिळाला. फरक एवढाच, की माशाच्या कुशीतल्या पेशी मेल्या तर पुन्हा उगवतात. आपल्या कानातल्या उगवत नाहीत. स्पीकरच्या भिंतीपुढे घालवलेली रात्र कायमची वजा होते.

हे मी परतीच्या वाटेवर, खोपोलीच्या घाटात, गाडी चालवणाऱ्याला सांगत होतो. तो बारा वर्षं ढोल पथकात आहे.

"काय?" तो म्हणाला. "जरा मोठ्यानं बोल."